वाडा सांभाळायचा कोणी?

डिसेंबर २०२३ मध्ये पुणे महापालिकेने बुधवार पेठेतला भिडेवाडा पोलीस बंदोबस्तात, रात्रीच्या वेळी जमीनदोस्त केला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली ती याच वाड्यात. वाडा पाडला गेला तो त्याच जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी. स्मारकाची मागणी करणाऱ्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने केली होती. तिथल्या भाडेकरूंनी आपल्या जागेसाठी उच्च आणि नंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली होती. हा वाद चालू असताना इमारत खचत राहिली आणि अखेर स्मारकाचा मार्ग मोकळा झाला तो ती उतरवूनच.

जुनी घरे जपण्याच्या प्रश्नातले बहुतेक ताण या एका उदाहरणात सापडतात. वास्तू महत्त्वाची की तिथे घडलेली घटना? मालकाचा हक्क मोठा, भाडेकरूचा, की समाजाचा? खर्च कोणी करायचा? आणि ज्यांच्या नावाने हे जतन करायचे, त्या आसपासच्या लोकांना त्यात स्थान काय? महाराष्ट्रात आणि गोव्यात गेली तीन-चार दशके या प्रश्नांवर बोलले जात आहे. ती चर्चा आज कुठवर आली आहे, हे इथे पाहायचे आहे. किल्ले, लेणी आणि देवळे यांचा विचार बराच झालेला असल्यामुळे इथे विषय राहत्या घरांपुरता ठेवला आहे: देशावरचे वाडे, मराठवाडा-खानदेशातल्या गढ्या, कोकणातली चौसोपी घरे आणि गोव्यातली राजांगणाची घरे.

वाचवायचे ते नेमके काय

डेक्कन कॉलेजचे म. श्री. माटे यांनी १९५९ साली मराठेकालीन वास्तुकलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तेव्हा अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने देवळे आणि किल्ल्यांकडे होते. वाड्यांकडे वास्तू म्हणून पाहण्याची दृष्टी त्यानंतर हळूहळू रुळली. देशावरच्या वाड्याची ठेवण ठरलेली असते. रस्त्याकडे उंच, जवळजवळ बिनखिडक्यांची भिंत, मोठ्या दरवाजात दिंडी, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपे, वर दिवाणखाना. खांब-तुळयांचा सागवानी सांगाडा, खांबांना सुरूच्या झाडाचा घाट, महिरपींना केळफुले, छताला कडीपाट किंवा तक्तपोशी. तळमजल्याच्या भिंती जाड, वरचे मजले हलके. कोकणात हीच कल्पना जांभ्याच्या चिऱ्यांत आणि उतरत्या कौलांखाली येते. पडवी, ओटी, माजघर आणि मागे आगर. मराठवाड्यात आणि खानदेशात पावसाचे मान कमी, म्हणून माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. गोव्यातल्या हिंदू घरांत राजांगण आणि तुळशीवृंदावन मध्यभागी असते, तर ख्रिस्ती घरांत रस्त्याकडे तोंड केलेला बलकांव आणि शिंपल्यांच्या खिडक्या दिसतात.

हे तपशील सांगण्याचे कारण असे, की दुरुस्ती चुकते ती बहुधा इथेच. चुन्यात बांधलेली भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. घाणीत मळलेल्या, गूळ आणि बेलफळाचे पाणी घातलेल्या चुन्याला ती सवय असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुसभुशीत होतात आणि भिंतीत गेलेले तुळयांचे टोक कुजते. वरून घर नवे दिसते आणि आतून झिजत जाते. सरकारी निधीतून झालेल्या कामांतही हा दोष दिसतो. पैशाची कमतरता हे त्याचे एकमेव कारण नाही. चुना भिजवून मुरवणारा गवंडी आणि सांधा जुळवणारा सुतार आता सहज मिळत नाही, आणि निविदेच्या कागदात त्याच्या कौशल्याला वेगळा दर नसतो.

वाचवायचे आणखी एक आहे, ते म्हणजे घरातले कागद. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो वाईत मिळालेल्या पत्रांच्या बळावर. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात राहिलेले दप्तर पुढे पेशवाईच्या अभ्यासाचा मोठा आधार ठरले. माळ्यावरच्या पेटीत आणि बळदात ठेवलेल्या मोडी कागदांच्या रुमालांमुळे आपल्याकडचा वाडा हे घराइतकेच दप्तरखानाही होता. वाडा पडतो तेव्हा ढिगाऱ्यात दोन्ही जातात, आणि चर्चा मात्र फक्त खांबांची आणि महिरपींची होते.

वाडे ओस का पडले

या प्रश्नाला 'लोकांना जुन्याची किंमत नाही' असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. ते पुरेसे नाही, आणि मला वाटते अन्यायकारकही आहे. वाड्याचा खर्च चालत होता तो जमिनीच्या, वतनाच्या आणि इनामाच्या उत्पन्नावर. १९४९ मध्ये खोती रद्द झाली, १९५२ च्या कायद्याने खासगी इनामे संपली आणि १९४८ च्या कुळकायद्यातल्या दुरुस्तीमुळे १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. शेकडो वर्षांचा अन्याय दूर करणारे हे कायदे होते आणि ते व्हायलाच हवे होते. पण त्यांच्यामुळे मोठ्या घरांचा आर्थिक पाया गेला, आणि त्या जागी दुसरा पाया कोणी घातला नाही. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मधले विदर्भातले देशपांडे कुटुंब याच अवस्थेत उभे आहे.

शहरांत कारण वेगळे होते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे आधार धरून ते गोठवले. फाळणी आणि महागाईच्या काळात या कायद्याने लाखो कुटुंबांना छप्पर टिकवून दिले. पुढे भाडे काही रुपयांवर राहिले आणि कौले बदलायचा खर्च हजारांत गेला, तेव्हा मालकाने दुरुस्ती थांबवली. भाडेकरूला मालकी नसल्यामुळे तोही पैसे घालेना. १९९९ च्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्याने फारसे साधले नाही.

त्यात आपत्तींची भर पडली. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक कुटुंबांनी गावे कायमची सोडली. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली, तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांमधले मातीच्या भिंतींचे वाडे विरघळून गेले. १९६७ चा कोयनेचा भूकंप आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांनी दगड-मातीच्या घरांविषयी मनात कायमची भीती बसवली.

किल्लारीविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण तिथे काढलेला निष्कर्ष पुढे सगळीकडे लावला गेला. हजारो माणसे मेली ती मातीत बसवलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर येऊन. मात्र जिथे लाकडी खण नीट सांधलेले होते, तिथे पुष्कळ ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या आणि सांगाडा उभा राहिला, असे अभियंत्यांच्या पाहणीत दिसले. म्हणजे दोष सगळ्या पारंपरिक बांधणीचा नव्हता. मातीचा सांधा, बिनबांध्याची भिंत आणि वर्षानुवर्षे चढवत नेलेला मातीचा थर यांचा होता. पुनर्वसनात मात्र सिमेंट काँक्रीट हेच सुरक्षिततेचे दुसरे नाव ठरले. ज्या माणसाने आपली माणसे ढिगाऱ्याखालून काढली, त्याला 'मातीचे घर जपा' असे सांगणे क्रूर आहे. त्याच्या भीतीला उत्तर द्यायचे तर जुन्या घराला भूकंपात टिकेल असे बांधून कसे घ्यायचे, हे गावातल्या गवंड्याला शिकवावे लागेल. हे काम तेव्हा थोडे सुरू झाले, पुढे मागे पडले.

वारसांची संख्या हे शेवटचे कारण. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे सगळ्या मुलांना वाटा आधीपासूनच आहे. हक्क रास्तच. पण चौथ्या पिढीला एका घराचे तीस-चाळीस वारस होतात, त्यांतले काही मुंबईत, काही अमेरिकेत, काहींचा पत्ताच नाही, आणि कौले चाळायला पाच हजार रुपये कोणी द्यायचे यावर एकमत होत नाही.

कायदा कुठवर पोहोचतो

राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी केंद्राचा १९५८ चा कायदा आणि बाकीच्यांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. राज्य संरक्षित स्मारकांची संख्या चारशेच्या आसपास आहे आणि त्यांत मोठा वाटा किल्ले, मंदिरे, बारवा आणि लेण्यांचा आहे. राहती घरे या यादीत येतात ती बहुतेक मोठ्या माणसांच्या नावाने: रत्नागिरीतले टिळकांचे जन्मस्थान, भगूरचा सावरकर वाडा, पुण्यातला महात्मा फुले वाडा, सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा, चांदवडचा होळकरांचा रंगमहाल.

नागरी भागात दुसरी वाट निघाली. १९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली आली, ती देशातली अशी पहिली. इमारतींना श्रेणी देणे, बदलांसाठी वारसा समितीची संमती घेणे आणि मालकाला विकास हक्क हस्तांतरणाने भरपाई देणे हा तिचा गाभा. पुढे पुण्यासह अन्य शहरांनी याद्या केल्या, आणि २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारशासाठी तरतुदी आल्या. कागदावर हे बरेच आहे. अडचण अशी की यादीत नाव येणे म्हणजे आपली मिळकत अडकणे, अशी मालकांची समजूत झाली आहे. हस्तांतरणाचा हक्क मिळायला वर्षे लागतात, आणि मिळालेला पैसा त्याच घराच्या दुरुस्तीत जाईल याची हमी नसते. अहमदाबादने तुलनेने अधिक पल्ला गाठला. तिथल्या महापालिकेने १९९७ पासून पोळांमधून, म्हणजे जुन्या शहरातल्या वस्त्यांमधून, वारसा फेरी चालवली, लाकडी घरांसाठी हस्तांतरणीय हक्क दिले आणि २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर झाले. तिथेही अनेक घरे बंद पडून आहेत, ही तक्रार आहेच.

दुसऱ्या बाजूला महापालिका अधिनियमाचे धोकादायक इमारतींविषयीचे कलम आहे. दर पावसाळ्यापूर्वी पाहणी होते, वाड्यांना सी-१, सी-२, सी-३ असे वर्ग लागतात आणि सी-१ म्हटले की इमारत रिकामी करून पाडायची. वारसा म्हणून वाडा वाचवायला एक समिती, धोकादायक म्हणून पाडायला दुसरा विभाग, आणि दोघांची फाईल एकत्र येत नाही. वाडा पडावा असे वाटणाऱ्याला फक्त छपराची दुरुस्ती थांबवून दोन-तीन पावसाळे वाट पाहावी लागते. खेड्यांत तर वारसा यादीच क्वचित पोहोचते. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. त्याच वेळी घराचे वय, बांधणी आणि अवस्था यांची एक ओळ नोंदवता आली असती, तर राज्याला फार मोठी माहिती हाती आली असती.

आज मांडल्या जाणाऱ्या भूमिका

पहिली भूमिका सांगते, की महत्त्वाची घरे सरकारने ताब्यात घ्यावीत, दुरुस्त करावीत आणि संग्रहालय करावीत. तिच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा खुलेपणाचा आहे. फुले वाड्यात कोणीही जाऊ शकतो. विरोधात असे म्हटले जाते, की चौकीदार, फलक आणि काचेची कपाटे आली की घराचे घरपण जाते, आणि उद्‌घाटनाला मिळालेला पैसा देखभालीला मिळत नाही.

दुसरी भूमिका वापरातून जतनाची. शनिवारवाड्याची जोती आणि बुरूज तेवढे उरले, कारण १८२८ च्या आगीनंतर आत राहते असे काही राहिलेच नाही. विश्रामबागवाडा मात्र १८२१ ची संस्कृत पाठशाळा, १८७९ ची आग, नगरपालिकेच्या कचेऱ्या, टपालघर हे सगळे सोसून उभा आहे, कारण त्याला प्रत्येक पिढीने काही ना काही काम दिले. याच विचाराने आज निवास-न्याहारी, चित्रीकरण, उपाहारगृह, लग्नकार्य असे उपयोग सुचवले जातात. मेणवलीचा वाडा आणि घाट 'स्वदेस'सारख्या चित्रपटांमुळे देशभर पाहिला गेला. शंका घेणारे विचारतात की पाहुण्यांसाठी सजवलेला वाडा गावकऱ्यांना परका होत नाही का, आणि प्रत्येक खोलीला न्हाणीघर जोडताना जुन्या भिंतीत किती नळ खुपसायचे. पर्यटक फिरकत नाहीत अशा आडगावच्या वाड्याला या वाटेचा उपयोग नाही, हे तर दोन्ही बाजूंना मान्य आहे.

तिसरी भूमिका राहणाऱ्या कुटुंबांची आहे आणि ती सर्वांत कमी ऐकली जाते. गोव्यात चांदर येथील ब्रागांझा कुटुंबाच्या विस्तीर्ण घराच्या दोन्ही भागांत वंशज राहत आले, आणि पाहायला येणाऱ्यांच्या देणगीतून देखभालीला हातभार लागतो. घर माणसांनी भरलेले असेल तरच टिकते, कारण गळका थेंब पहिल्या दिवशी दिसतो तो राहणाऱ्यालाच, असे या बाजूचे म्हणणे. त्यांना हवी आहे घरपट्टीत सूट, दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज, आणि परवानगीसाठी दहा खेटे घालावे न लागता सल्ला देणारा कोणी जाणकार. या मागण्या इतक्या माफक आहेत, की त्या अजून पूर्ण का होत नाहीत हे मला कळत नाही.

चौथी बाजू पुनर्विकासाची. तिला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण कसबा किंवा नारायण पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत राहिलेल्या, सामाईक संडासासाठी रांग लावलेल्या, पावसाळ्यात छताकडे पाहत रात्र काढलेल्या भाडेकरूचा अनुभव खोटा नाही. त्याला स्वतःच्या नावाचे, पक्के घर हवे आहे. चौक सुंदर होता हे त्यालाही ठाऊक असते.

पाचवी वाट स्थलांतराची. कोथरूडचा मस्तानी महाल राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारला गेला. मणिपालच्या हस्तशिल्प वारसा ग्रामात आणि चेन्नईजवळच्या दक्षिणचित्रमध्ये पाडली जाणारी घरे उचलून आणून मांडली आहेत. जिथे दुसरा उपाय उरला नाही तिथे हा शेवटचा उपाय म्हणून बहुतेकांना मान्य आहे. मात्र याच वाटेला लागून एक बाजार आहे. वाड्याचे दरवाजे, खांब, तुळया सुट्या विकल्या जातात आणि कुठल्याशा फार्महाऊसच्या दिवाणखान्यात जाऊन बसतात. कुठल्या गावचे, कोणाचे, हे कोणी टिपून ठेवत नाही.

लोकसहभाग: फेरीपलीकडे काय

आंतरराष्ट्रीय विचारातही बदल झाला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेचा भर मूळ वस्तूच्या अस्सलपणावर होता. १९७९ च्या ऑस्ट्रेलियातल्या बर्रा सनदेने एखाद्या जागेचे मोल ठरवताना तिच्याशी जोडलेल्या लोकांना मध्यभागी आणले. आपल्याकडे वारसा जतनासाठी काम करणाऱ्या इन्टॅक या संस्थेने २००४ साली असंरक्षित वारशासाठी सनद केली. जिवंत कारागिरी चालू ठेवणे हेही जतनच, हे तिने स्पष्ट म्हटले, आणि भारतासाठी ही भूमिका मला सर्वांत नेमकी वाटते.

व्यवहारात लोकसहभाग म्हणजे बहुधा वारसा फेरी. पुण्यात, मुंबईच्या खोताच्या वाडीत, नाशकात अशा फेऱ्या होतात, १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनी आणि नोव्हेंबरच्या वारसा सप्ताहात तर विशेष. त्यांनी आपल्या शहराकडे पाहण्याची सवय लावली, हे निर्विवाद. पण फेरीला येतात ते बहुधा दुसऱ्या भागातले लोक, आणि वाड्यात राहणारे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर गप्प उभे असतात. याहून पुढे गेलेली उदाहरणे थोडी आहेत, म्हणून मोलाची. पणजीच्या फोंताइन्हास भागात गोवा हेरिटेज अॅक्शन ग्रुपने महोत्सव भरवला, त्यात रहिवाशांनी आपल्या घरांच्या खोल्याच चित्रांच्या दालनांसाठी खुल्या केल्या. यजमान संस्था नव्हती, घरातली माणसे होती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडला केशवसुतांचे घर कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली स्मारकरूपात उभे केले. गवती शाकारणीचे, मातीच्या भिंतींचे ते साधे घर आहे. त्याच्याभोवती कवितेचे कार्यक्रम होत राहिले, म्हणून ते जागते राहिले.

खेड्यातल्या वाड्याशी गावाचे जुने नाते होतेच. पोळ्याला बैलजोड्या पाटलाच्या वाड्यासमोर येत, पालखी वाड्याच्या दारात टेकत असे, नवरात्राचा पहिला मान वाड्याचा. काही गावांत हे अजून चालते. पण हे नाते मानपानाचे होते, बरोबरीचे नव्हते. म्हणून 'जुना सहभाग पुन्हा आणा' असे म्हणताना आपण काय परत मागतो आहोत, याचा विचार करावा लागतो.

शेजारच्यांची संमती गृहीत धरता येत नाही, याचे मराठी माणसाला परिचित उदाहरण लंडनमधले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन संग्रहालय केले. निवासी वस्तीत गर्दी नको, असा आक्षेप काही रहिवाशांनी घेतला आणि कॅम्डेन परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. अपिलात, मार्च २०२० मध्ये, संग्रहालयाला मान्यता मिळाली. जगभरच्या आंबेडकरी जनतेसाठी ते तीर्थस्थान आहे. समोरच्या घरातल्या माणसासाठी ती शांत गल्ली होती. समुदाय म्हणजे भौगोलिक शेजारी की स्मृतीने जोडलेले लोक, हा प्रश्न तिथे अपिलाच्या जाहीर चौकशीत तपासला गेला. आपल्याकडे तो बहुधा मोर्चात किंवा मौनात सुटतो.

कोणाचे घर, कोणाची आठवण

गेल्या काही वर्षांत चर्चेला सर्वांत जास्त खोली आली ती या अंगाने. वाडा हा वैभवाचा पुरावा आहे तसा उतरंडीचाही. कोणी ओसरीपर्यंत यायचे, कोणी चौकापर्यंत, कोणाला मागच्या दारानेही आत नाही, हे जोत्याच्या उंचीतच लिहिलेले असे. केशवपन झालेल्या बायकांचे आयुष्य माजघराच्या अंधारात गेले. ज्या वडाऱ्यांनी दगड फोडले आणि ज्या सुतारांनी महिरपी कोरल्या, त्यांची नावे सहसा कुठे नाहीत. काहींचे म्हणणे असे, की अशा घरांवर सार्वजनिक पैसा का घालावा. काहींचे म्हणणे, की हे घाव दाखवण्यासाठीच ती उभी असावीत. तिसरे मत असे, की कलेची आणि समाजरचनेची चर्चा वेगळी ठेवावी.

मला दुसरे मत अधिक पटते, आणि त्याचे कारण गंज पेठेत आहे. महात्मा फुले वाडा भव्य नाही. लहानशी, कौलारू, घरगुती वास्तू आहे ती. पण अंगणात पाण्याचा हौद आहे. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या हौदापाशी उभे राहिले की शेजारपाजारच्या प्रत्येक वाड्यातल्या हौदाचा आणि आडाचा अर्थ बदलतो. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला, आणि स्मृतिदिनी, २८ नोव्हेंबरला, इथे लोटणारी माणसे, किंवा १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला येणारा जनसमुदाय, यांना कोणी वारसा फेरीचे निमंत्रण दिलेले नसते. पालगडचे साने गुरुजींचे घर किंवा दादरचे आंबेडकरांचे राजगृह यांच्याबाबतही हेच. लोक आपण होऊन येतात ती ठिकाणे आणि तज्ज्ञांनी श्रेणी दिलेली ठिकाणे, या दोन याद्या अजून जुळलेल्या नाहीत.

जे सुटलेले नाही

पुनर्बांधणीवर एकमत नाही. पडलेला वाडा जुन्या छायाचित्रांवरून तसाच उभारावा, की रिकामी जागा सांगेल ते सांगू द्यावे? जन्मस्थानांच्या बाबतीत पहिले मत लोकांना जवळचे आहे, जतनतज्ज्ञांना नाही. खासगी घरावर खर्च केलेल्या सार्वजनिक पैशाच्या बदल्यात जनतेला किती प्रवेश मिळावा, याचे सर्वमान्य सूत्र नाही. संरक्षित स्मारकांसाठी राज्याची संगोपन योजना आहे, पण यादीबाहेरच्या हजारो घरांना ती लागू होत नाही. कारागिरांचे प्रशिक्षण कोणत्या खात्याचे, हे ठरलेले नाही. मातीच्या गढ्यांचे काय करायचे यावर तर नीट अभ्यासच सुरू व्हायचा आहे. पावसाने त्या झिजतात आणि धाब्यांवर टाकायला पांढरी माती म्हणून गावकऱ्यांनीही त्या पिढ्यान्‌पिढ्या खणून नेल्या.

एवढा आढावा घेतल्यावर माझे मत असे झाले आहे, की मोठ्या जीर्णोद्धारांपेक्षा लहान, वेळेवरच्या दुरुस्तीला पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली पाहिजे. मे महिन्यात कौले चाळणे, पन्हळ साफ करणे, वाळवीवर लक्ष ठेवणे, भिंतीत रुजलेला पिंपळ कोवळा असतानाच काढणे, ही कामे झाली तर घर आणखी तीस वर्षे उभे राहते. एका नगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या जुन्या घरांसाठी वर्षाला ठराविक रक्कम, एक जाणकार सुतार आणि एक चुन्याचा गवंडी एवढी सोय केली, तरी ती अनेक समित्यांहून उपयोगी पडेल.

घर विकण्याचा किंवा पाडण्याचा निर्णय ज्या कुटुंबांना घ्यावाच लागतो, त्यांच्याकडे एक विनंती आहे. आधी खोल्यांची मोजमापे घ्या, छायाचित्रे काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आणि तिथे कामाला असलेल्यांकडून कुठल्या खोलीत काय होत असे ते ध्वनिमुद्रित करा. आणि माळ्यावरचे मोडी कागद रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे मंडळ किंवा जवळच्या विद्यापीठाचा इतिहास विभाग, यांपैकी कोणाला तरी एकदा दाखवा.